तुम्ही विचारलंत : त्या पहिल्या पंधरा दिवसांत आपण असे का वागलो?

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने मी नोटा साबणाच्या पाण्यात बुडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या होत्या, हे वेडेपण होतं का, आणि मी चार ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले होते. चुकलंच माझं. त्या चार ओळींवर एवढ्या मेल आणि व्हॉइस नोट आल्यात की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून अख्खा कॉलम त्याच विषयाला देतेय, म्हणजे साथ नुकतीच सुरू झालेली असते, कुणालाच धड काही माहीत नसतं, आणि तेव्हा माणसं काय काय करतात. नावं कुणाचीच देत नाहीये, बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय.

ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. जुना मोबाइल कुणाला तरी द्यायचा म्हणून व्हॉट्सअॅप साफ करत बसले आणि फेब्रुवारी-मार्च २०२० चे माझेच मेसेज वाचून लाज वाटली. दहा सेकंद श्वास रोखता आला तर तुम्हाला कोरोना नाही, गरम पाणी प्यायलं की विषाणू घशातून पोटात जाऊन मरतो, आज रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत तर घरात बसा. सगळं मीच पुढे ढकललेलं! आयुष्यभर मुलांना खात्री करून बोला म्हणून शिकवलं. मी इतकी भोळी कशी?

बाई, आधी एक सांगते, तुमच्या त्या फॉरवर्डांच्या वरती काय लिहिलंय ते परत एकदा बघा. माझ्या जुन्या फोनमध्ये मी बघितलं तर प्रत्येकाच्या डोक्यावर "खरं का माहीत नाही पण काळजी घ्या" असं काहीतरी होतं. म्हणजे आपल्याला शंका होतीच, पण पाठवलं नाही आणि पुढे खरंच निघालं तर काय, हे ओझं नको होतं. बातमी म्हणून पाठवतच नव्हतो आपण ते, काळजी पाठवत होतो. बहुतेक अफवा अशाच फिरतात, वाईट मनाने सोडणारा एखादाच असतो आणि चांगल्या मनाने पुढे नेणारे हजार.

आणि हे मोबाइलमुळे झालं असं म्हणायचं तर अडीच हजार वर्षं मागे जावं लागेल. इसवी सनपूर्व ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ आली तेव्हा ती आधी पिरियस बंदरात सुरू झाली, आणि तिथल्या लोकांनी लगेच ठरवून टाकलं की शत्रूने आमच्या पाण्याच्या टाक्यांत विष कालवलं. हे थुसिडिडीस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय, तो स्वतः त्या आजारातून उठलेला माणूस. तिथे कुठलं व्हॉट्सअॅप? आजार दिसतो, कारण दिसत नाही, आणि ती मधली जागा माणसाला रिकामी ठेवता येत नाही. जे हाताला लागेल ते भरतो.

बरं, अधिकृत माहिती तरी कुठे वेळेवर येत होती. वुहानचे डॉ. ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवर सावध राहा म्हणून मेसेज टाकला, तर ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याबद्दल लेखी समज दिली. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजाराने गेले. म्हणजे त्या वर्षीचं अफवा म्हणून झापलेलं पहिलं मोठं फॉरवर्ड खरं होतं! आता अशात सामान्य माणसाने खरं-खोटं कसं निवडायचं सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारीतच या माहितीच्या पुराला 'इन्फोडेमिक' हे नाव दिलं. व्हॉट्सअॅपने ७ एप्रिल २०२० ला खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं बंधन घातलं. तोपर्यंत तुमचं हेलिकॉप्टर उडून परत उतरलं पण होतं. डिलीट करू नका ते मेसेज, असू द्या.

मी सोशॉलॉजीला आहे. प्रोजेक्टचा विषय आहे 'पॅनिक बाइंग'. सगळीकडे वाचलं की लोक मेंढरांसारखे धावले, टॉयलेट पेपरसाठी मारामाऱ्या झाल्या वगैरे. साथीच्या सुरुवातीला लोक खरंच डोकं गहाण ठेवतात का?

तुझ्या प्रोजेक्टचं शीर्षकच मला पटत नाहीये, पण सरांना नको सांगू.

किस्से खरे आहेत. हाँगकाँगमध्ये १७ फेब्रुवारी २०२० ला सुरे घेऊन आलेल्या टोळीने टॉयलेट पेपरचे ६०० रोल लुटले होते, खोटं नाही. मार्चच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात दुकानांचे रॅक रिकामे झाल्याचे फोटो जगभर फिरले. पण रॅक रिकामा व्हायला लोकांनी वेडं व्हायची गरज नसते, हे साधं गणित करून बघ. आजकाल दुकानं माल साठवून ठेवतच नाहीत, जेवढा खपतो साधारण तेवढाच मागवतात. समज शंभर घरं आठवड्याला शंभर पाकिटं घेतात आणि दुकानात एकशे वीस आहेत. आता त्यातल्या तीस घरांनी फक्त एकेक जास्तीचं घेतलं, घरात आजारी माणूस आहे, पंधरा दिवस बाहेर पडता येईल न येईल, अगदी शहाणा विचार करून, की संपला माल. शेवटच्या दहा घरांना रिकामा रॅक दिसतो. त्या रॅकचा फोटो निघतो. तो बघून उरलेली सगळी जण दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत. यात मूर्ख कोण ते दाखव मला. शिवाय ऑफिसं-शाळा बंद म्हटल्यावर तिथे वापरला जाणारा कागद पण घरीच लागणार होता, हा खप खरोखरच वाढलेला होता, त्याला कुणी पॅनिक म्हणत नाही पण आकड्यात तोही त्यातच मोजला जातो.

आपत्तीत माणसं कशी वागतात हे आयुष्यभर अभ्यासणारा एक समाजशास्त्रज्ञ होता, एन्रिको क्वारंटेली. (आडनाव बघ आणि विषय बघ, नशिबाने काढलेला चिमटा म्हणायचा.) १९५० च्या दशकापासून तो आणि त्याचे सहकारी हेच सांगत आले की एकमेकांना तुडवत पळणारी गर्दी आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कमी वेळा दिसते, जास्त वेळा दिसतं ते शेजाऱ्याला हात देणं. आता तुझ्याकडच्या कात्रणांमध्ये शेजाऱ्याला औषध आणून दिल्याची किती आहेत ते मोज.

पण पळापळ होते हे मान्य, आणि ती का होते ते बघायचं असेल तर इटलीतल्या मिलानची रात्र घे. ७ मार्च २०२०, शनिवार. लोम्बार्डी प्रांत बंद करायचा हुकूमनाम्याचा कच्चा मसुदा सही व्हायच्या आधीच वर्तमानपत्रांच्या हाती लागला आणि छापून आला. कधीपासून लागू, कुणाला सूट, काहीच नक्की नाही, फक्त एवढंच कळलं की दार बंद होणार आहे. मग काय, बॅगा घेऊन लोक स्टेशनवर, दक्षिणेकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या पकडायला. त्यांच्यासोबत आजारही गेला असणार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्या प्रवाशांना बेजबाबदार म्हटलं, ते ठीक आहे, पण जो मसुदा फुटला त्याचं काय? अर्धी बातमी दिली की माणूस उरलेली अर्धी स्वतःच्या पायांनी पूर्ण करतो. आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठ वाजता भाषण आणि बारा वाजता लॉकडाउन, मध्ये चार तास. त्या चार तासांत जे रस्त्यावर आले त्यांना तू पॅनिक म्हणशील का? आणि पुढचे कित्येक दिवस जे शेकडो किलोमीटर चालत गावाकडे निघाले त्यांना? हातात काम नाही, खोलीचं भाडं अंगावर, मी तर म्हणेन त्यांनी हिशोब केला होता.

याच्या उलटं उदाहरण पण टाक प्रोजेक्टमध्ये, त्याला कुणी नाव ठेवत नाही म्हणून. १९१८ च्या फ्लूमध्ये फिलाडेल्फियात आरोग्य अधिकारी सांगत राहिले की हा नेहमीचाच ताप आहे, घाबरायचं कारण नाही. २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी परेड निघाली, दोन लाखांच्या आसपास लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेटून उभे. तीन-चार दिवसांत हॉस्पिटलं भरली. सेंट लुईसने त्याच सुमारास शाळा, थिएटरं, सभा लवकर बंद केल्या आणि तिथे मृत्यूचं प्रमाण खूपच कमी राहिलं. परेडला आलेले दोन लाख लोक शांत होते, शिस्तीत होते, कुणीही घाबरलेलं नव्हतं. मग तू ठरव जास्त जीव कशाने गेले ते.

अभ्यासाला अजून एक नाव देते, फिलिप स्ट्राँग. या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९९० मध्ये, एड्सच्या काळातला गोंधळ बघून, मांडलं की रोगाच्या साथीबरोबर आणखी तीन साथी येतात, एक भीतीची, दुसरी कारणं शोधण्याची आणि नीती शिकवण्याची, तिसरी काहीतरी करून दाखवण्याची. पहिल्या साथीवर सगळे लिहितात. तू दुसरी आणि तिसरी घे, मजा येईल.

थाळ्या वाजवून काय झालं? घरात अजून यावरून भांडण होतं. एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही होणार, दोन घ्या. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला जे आपापल्या खिडकीत उभं राहून वाजवत होते त्यांनी विषाणूचं काही वाकडं केलं नाही पण आठवडाभर एकटं बसलेल्या माणसाला समोरच्या खिडकीतला माणूस दिसला, इटलीत बाल्कनीतली गाणी आणि ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून दर गुरुवारच्या टाळ्या त्याच कामाच्या. आणि जे दिवसभर कर्फ्यू पाळून पाच वाजता थाळ्या घेऊन घोळक्याने मिरवणुका काढत रस्त्यावर आले, त्यांच्याबद्दल तुमच्या घरात भांडण होत असेल तर मी भांडणाऱ्यांच्या बाजूने.

मार्च २०२० च्या मध्यात मी परदेशातून परत आलो. विमानतळावर डाव्या हाताच्या मागे होम क्वारंटाइनचा शिक्का मारला. मला ताप नव्हता, काही नव्हतं. टॅक्सीवाल्याने हात बघितला आणि गाडी थांबवून उतरवलं. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फ्लॅट नंबर आला. शिक्का पंधरा दिवसांत गेला पण ती लोकं अजून तिथेच राहतात आणि हसून गुड मॉर्निंग करतात. मी अजून हसू शकत नाही. माझं चुकतंय का?

नाही चुकत. हसायची सक्ती नाही.

तुमच्यासारखी अजून पाच पत्रं आलीत, एकात तर एक नर्स आहे जिला घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती, ज्या आठवड्यात लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते त्याच आठवड्यात. असे प्रकार इतके वाढले की २२ एप्रिल २०२० ला केंद्राला वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा अशी तरतूद करावी लागली.

शिक्क्यामागचा हेतू मला समजतो. शाई निवडणुकीच्या शाईसारखी, पटकन न जाणारी, म्हणजे तुम्ही घरीच राहाल आणि नाही राहिलात तर लोक ओळखतील. पण लोकांना फक्त ओळखायला शिकवलं, ओळखल्यावर काय करायचं ते सांगितलंच नाही. सहा फूट लांब राहा, दाराशी सामान ठेवा, फोन करून विचारा, हे शिक्क्यावर कुठे होतं? मग टॅक्सीवाल्याला जे सुचलं ते त्याने केलं. त्याच दिवसांत शिक्केवाल्यांना रेल्वेतून पण उतरवलं होतं. टॅक्सीवाल्याला मी थोडं माफ करते, तो दिवसभर बंद गाडीत बसणारा माणूस, सॅनिटायझरची बाटली पण त्याला कुणी दिली नव्हती. तुमचा फ्लॅट नंबर टाइप करणाऱ्याला नाही करत, तो घरात सोफ्यावर बसलेला होता.

बाहेरून आलेल्याकडे बोट दाखवणं ही तर सगळ्यात जुनी खोड. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळून मारलं, विहिरीत विष टाकून प्लेग आणला हा आरोप. गंमत नाही पण भयंकर गोष्ट अशी की शहरात प्लेग तेव्हा पोचलाही नव्हता. १९१८ च्या फ्लूला स्पॅनिश म्हणतात ते का, तर महायुद्धात स्पेन तटस्थ होता, तिथल्या पेपरांवर सेन्सॉर नव्हता, राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडल्याची बातमी छापून आली. बाकीच्या देशांत माणसं मरत होतीच पण छापायची बंदी होती. खरं छापलं त्याच्या नावावर रोग! म्हणून तर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियम केला की नव्या आजाराला गावाचं, देशाचं, माणसाचं, प्राण्याचं नाव द्यायचं नाही, आणि ११ फेब्रुवारी २०२० ला ठरलेलं कोविड-१९ हे इतकं रुक्ष नाव त्यातूनच आलं. तरी लोकांनी करायचं ते केलंच, ईशान्येकडच्या आपल्याच मुलामुलींना रस्त्यात कोरोना म्हणून हाका मारल्या.

ग्रुपमधून बाहेर पडा. एवढं तरी करा, बरं वाटेल.

आमच्या पणजीच्या गोष्टी घरात अजून सांगतात. प्लेगमध्ये सगळं गाव रानात झोपड्या बांधून राहायचं, आणि सरकारी माणसं आली की आजारी माणसाला कणगीत लपवायचे. पुण्या-मुंबईत म्हणे दवाखान्यावर दगडफेक पण झाली. आपले पूर्वज एवढे अडाणी होते का?

या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. आधी नेहमीप्रमाणे नाकारणं, ताप आहे, गाठीचा ताप आहे, व्यापार बसेल. मग एकदम दुसरं टोक, जबरदस्तीने माणसं उचलून दवाखान्यात. तिथे गेलेली बहुतेक परत येईनात, कारण नेतानाच ती शेवटच्या अवस्थेत असायची आणि औषध तर नव्हतंच. बाहेरच्याला काय दिसणार, आत जातो तो मरतो. लगेच अफवा उठली की तिथे माणसांना मारून अंगातून मोमियाई काढतात, म्हणजे औषधी तेल. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. शेवटी महापालिकेला नियम सैल करावे लागले, सफाई कामगारच शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही ही त्यांना खरी भीती होती. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली.

तेच आर्थर रोड हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण तिथेच ठेवले होते. आणि १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू केला तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, त्याच प्लेगसाठी घाईघाईत केलेला.

पुण्यात तर आणखी वाईट. मार्च १८९७ पासून रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायचे, बायकांची तपासणी, सामान बाहेर फेकणं, जाळणं. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटपून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ३ जुलैला तो मेला. हे सगळ्यांना पाठ आहे. मला तुम्हाला दुसरंच दाखवायचंय. सोजीर घराघरात फिनेल-कार्बोलिक ओतत होते, गटारं धूत होते, कपडे जाळत होते, आणि त्यांना स्वतःला माहीत नव्हतं की प्लेग नेमका पसरतो कसा! जंतू येर्साँने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण उंदरावरची पिसू तो माणसात आणते हे पॉल-लुई सिमाँने दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत, रँड मेल्यावर वर्षाने. आणि ते मान्य व्हायला अजून काही वर्षं गेली.

आता तुमच्या पणजीकडे या. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि रानात राहायचं हे तेव्हा लोकांना ठाऊक होतं. पिसूचं नाव घेता येत नसेल, पण उंदीर आधी मरतात, मग माणसं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. घर सोडलं की उंदीर सुटले, उंदीर सुटले की पिसवा सुटल्या. कार्बोलिकच्या बादलीपेक्षा ती रानातली झोपडी जास्त शास्त्रीय होती हो! गाड्या भरभरून शहराबाहेर पळालेल्यांनी साथ गावोगावी नेली हेही खरं, पण गावाबाहेर चार शेतं पलीकडे जाऊन राहणारी तुमची पणजी त्यातली नाही.

आजारी माणसाला कणगीत लपवणं मात्र घातक, ते मी गोड करून सांगणार नाही. पण विचार करा, कणगीत का, तर बाहेर काढलं की तो माणूस परत दिसणार नाही आणि घरातल्यांनाही छावणीत नेतील, त्यांना कुणी काही समजावलेलं नाही, भाषा परकी, हातात बंदूक. जिथे विश्वासाचा माणूस दारात आला तिथे लोक वेगळे वागले. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना काढला, तिथे लोक आणत होतेच की रुग्ण. सावित्रीबाईंनी स्वतः रुग्णांना आणलं, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हाफकिनने त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोकांनी लसीवर पण शंका घेतल्या, भरपूर घेतल्या, पण स्वतःला टोचून घेणाऱ्या माणसाशी निदान बोलता तरी येतं.

अडाणी हा शब्द परत घ्या, पणजीपुरता तरी.

मास्कबद्दल आधी 'नको' म्हणाले, मग 'सक्तीचा'. तेव्हापासून माझा एकाही तज्ज्ञावर विश्वास नाही. बरोबर ना?

अर्धं बरोबर. २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेच्या सर्जन जनरलने मास्क विकत घेणं थांबवा, सामान्य लोकांना त्याचा उपयोग नाही पण डॉक्टर-नर्सना मिळाले नाहीत तर सगळेच धोक्यात, अशा अर्थाचं ट्वीट केलं. एकाच श्वासात दोन गोष्टी. उपयोग नाही तर डॉक्टरांना कशाला पाहिजे? शाळेतलं पोरगं पण विचारेल. खरं कारण तुटवडा होतं, तेवढंच सांगितलं असतं की बाबांनो मास्क कमी आहेत, ते हॉस्पिटलला जाऊ द्या, तुम्ही सध्या रुमाल बांधा, तर बहुतेकांनी ऐकलं असतं असं मला वाटतं. ३ एप्रिलला अमेरिका, ४ एप्रिलला भारत, ५ जूनला जागतिक आरोग्य संघटना, सगळे टप्प्याटप्प्याने कापडी मास्कवर आले. विज्ञान बदललं म्हणून सल्ला बदलला हे मला चालतं. घाबरतील म्हणून कारण लपवलं, हे नाही चालत.

बाकी सक्तीला विरोध व्हायचाच. सॅन फ्रान्सिस्कोत जानेवारी १९१९ मध्ये चक्क अँटी-मास्क लीग स्थापन झाली होती, सभा घेऊन वगैरे.

आणि नोटा धुणारे मागच्या अंकातले काका, तुमचं उत्तर इथेच पुरं करते. मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या अभ्यासात विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला, ते वाचून आपण सगळ्यांनी पिशव्या, चाव्या, दाराच्या कड्या धुतल्या. मी तर कुरिअरचा खोका तीन दिवस बाहेर ठेवून त्यावर पेनने तारीख लिहायचे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितलं की वस्तूला हात लावून लागण व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षा कमी. तुमच्या नोटा वेडेपणा नव्हत्या. हाताशी होती त्या माहितीवर तुम्ही नीट वागलात, माहिती अर्धी होती. हवेचं कळायला उशीर झाला आणि तोपर्यंत आपण खिडक्या लावून आत बसून चाव्या घासत होतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये माझ्या धाकट्या भावाने मास्कचा एक मोठा बॉक्स आणून ठेवला. देशात तेव्हा मोजून तीन पेशंट. आम्ही सगळे इतके हसलो त्याला, मी तर त्याला 'डॉक्टरसाहेब' नाव पाडलं. एप्रिलमध्ये त्याच बॉक्समधले मास्क लावून मी कामावर जात होते. त्याला आजवर एक शब्द बोलले नाही. आता इतक्या वर्षांनी बोलायचं का?

हसलात यात नवल नाही. ३० जानेवारी २०२० ला पहिला रुग्ण केरळमध्ये, मग अजून दोन, तेही बरे होऊन घरी गेलेले. डोकं म्हणतं तीनच तर आहेत. डोक्याला वाढ सरळ रेषेत दिसते, आज शंभर तर महिन्याने दोनशे-तीनशे असतील. पण दर तीन दिवसांनी दुप्पट होणारी गोष्ट महिन्यात दहा वेळा दुप्पट होते, शंभराचे एक लाख दोन हजार चारशे. त्यात लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस, मग टेस्ट, मग रिपोर्ट, म्हणजे आज टीव्हीवर दिसणारा आकडा आठ-दहा दिवसांपूर्वीचा असतो. तुम्ही जुना फोटो बघून हसत होतात. भावाने गणित केलं असेल किंवा नुसताच घाबरला असेल, कोण जाणे, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मी पण हसले होते. ऑफिसमधली एक ज्युनियर मुलगी फेब्रुवारीत हँडशेक करायची नाही, लांबूनच नमस्कार करायची, आणि मी सगळ्यांसमोर तिची नक्कल केली होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफिस बंद झालं, तिने नंतर नोकरी बदलली, नंबर पण बदलला. तुमच्या पत्रानंतर मी दोघातिघांकडे तिचा नंबर मागितलाय, अजून आला नाही.

तुमच्याकडे तर भावाचा नंबर आहे. आज रात्रीच लावा. आणि कुठून सुरू करायचं कळत नसेल तर विचारा की त्या बॉक्समधले काही उरलेत का.